बुधवारच्या वहीत नसलेलं नाव

आई, मी नर्स व्हायला निघाले आहे. हे वाक्य मोठ्यानं म्हणून बघावं असं किती दिवस वाटतंय, पण ऐकायला खोलीत कोणी नसतं, म्हणून तुला लिहिते.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलं आणि आता चार वर्षं हिंजवडीत एका कंपनीत बसते. कानाला हेडफोन लावायचा आणि परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवतात ते टाइप करायचं. रोज वीस-पंचवीस माणसांचे आजार माझ्या हाताखालून जातात आणि एकाचाही चेहरा दिसत नाही. मागच्या वर्षी कळलं की तिकडे एक अभ्यासक्रम असतो. ज्यांची आधी दुसऱ्या विषयातली पदवी झालेली आहे, त्यांना नर्सिंगची चार वर्षं पंधरा महिन्यांत शिकवतात. मी कुणाला न सांगता अर्ज भरायला घेतला. इंग्रजीची परीक्षा दिली, बीएस्सीला नसलेला शरीररचनेचा पेपर बाहेरून दिला, सुट्टीच्या दिवशी एका वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, कारण हाताला कामाची सवय आहे हे दाखवावं लागतं. कंपनीची गाडी यायच्या आधी सकाळी दोन तास पाठांतर करते. घरमालकांनी गोठ्याच्या जागी चार खोल्या काढल्यात, त्यातली एक माझी. शेजारच्या खोलीतल्या लातूरच्या दोघी मुली दारातून जाता जाता म्हणतात, "ताई, लग्नाचं वय निघून चाललंय आणि तुम्ही बसा हाडं मोजत." मी हसते. यापलीकडे आमचं बोलणं जात नाही. बापाला न सांगून कसं चालेल, म्हणून अण्णांना मात्र मी गावी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तुज्या आईचंच काम ना? त्याला इमानानं कशाला जाया पायजे?"

प्रवेश मिळाला, पण अटीवर. महिन्याभरात तब्येतीची फाइल पूर्ण करायची, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. या फाइलीची मला काही काळजी वाटली नव्हती. क्षयाची चाचणी, छातीचा फोटो, काविळीच्या लशीचे तीन डोस, हे सगळं मी एकेक करून आधीच उरकलं होतं. (तुला झालेली कावीळ वापरलेली सुई बोटात गेली तरी होते, हे मी आता पुस्तकात वाचलंय. ते पान मी दोनदा वाचलं आणि त्या दिवशी पुढचा अभ्यास केला नाही.) राहिली होती फक्त लहानपणच्या लसीकरणाची नोंद, तारखांसकट. मला हसू आलं. सगळ्या खोऱ्याला टोचणारीची मी मुलगी, नोंदीला काय तोटा. अण्णांनी तुझी पत्र्याची पेटी काढून दिली. तिच्यात तुझ्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं, माझ्या पहिलीपासूनच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा होता, लशीचं कार्ड नव्हतं. "आसंल की कुटंतरी," अण्णा म्हणाले. "नसलं तर ऱ्हाऊ दे. तिच्या कामातलं मी कदी बगितलं न्हाई."

मी हिंजवडीच्या डॉक्टरांकडे गेले. ते माझी फाइल चाळत म्हणाले, "अहो, तुमच्या वयाच्या सगळ्यांना दिलेलंच असतं हे. आणि आई काय होत्या म्हणालात?"

"उपकेंद्रावर नर्स."

"मग झालंच की. सांगा जन्मतारीख. नऊ महिने मोजायचे, गोवराची तारीख टाकायची, सही करायची. पाच मिनिटांचं काम."

त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. मी जन्मतारीख सांगितली. नऊ महिने त्यांनी बोटांवर मोजले. ते लिहिणार तेवढ्यात मी म्हणाले, "नको डॉक्टर, मी आधी वही बघून येते."

"वही? पंचवीस वर्षांपूर्वीची?" ते हसले. "मॅडम, तुम्ही नक्की नर्सच व्हा. डॉक्टर झालात तर पेशंट रांगेतच म्हातारे होतील."

मी अशी का आहे हे तुला माहीत आहे. शाळेत जायच्या आधीच तू मला शिकवायला बसवलं होतंस, उपकेंद्राच्या पायरीवर. आकडे मी थर्मामीटरवर शिकले, महिन्यांची नावं लशीच्या बाटल्यांच्या मुदतीवरून. बुधवारी एसटीनं लशींचा बर्फ भरलेला निळा डबा यायचा. उपकेंद्राला लागूनच्या आपल्याच स्वयंपाकघरात, डाळ शिजली की कुकर घासून तू त्यात काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळायचीस. एका बुधवारी, मी सहा-सात वर्षांची असेन, तू चिमट्यानं काढून ठेवलेल्या सुयांपैकी एक मला तिरकी वाटली आणि मी ती बोटानं सरळ केली. तू सगळ्या सुया परत कुकरमध्ये टाकल्यास. बाहेर बायका पोरं घेऊन उन्हात बसलेल्या. तू दारात जाऊन त्यांना सांगितलंस, "अजून अर्धा तास थांबा. माझ्या मुलीनं हात लावला." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "आवं बाई, येका बोटानं काय हुतंय?" तू म्हणालीस, "काय होतं ते दिसत नाही, म्हणून तर." त्या अर्ध्या तासात मी चुलीमागे उभी आहे, हात पाठीमागे बांधून, आणि तू मला बाहेर ये असंही म्हणत नाहीस. चौथी पास झाल्यावर तू बक्षीस म्हणून मला नेलकटर दिलंस, तेव्हाही मला तो अर्धा तासच आठवला होता.

रविवार गाठून मी कोळवणच्या गाडीनं पुन्हा गावी गेले. उपकेंद्र आता सिमेंटचं आहे. तिथली नर्स माझ्याच वयाची, तिथंच मागच्या खोलीत राहते. मी तुझी मुलगी म्हटल्यावर तिनं मला कपाट उघडून दिलं आणि चहा ठेवायला गेली. वाळवी लागलेल्या कडांच्या वह्या होत्या. तुझं अक्षर मला दुरूनच ओळखू आलं. माझ्याबरोबर शाळेत बसलेली सगळी त्यात होती. शेजारच्या घरातली, वरच्या आळीतली, धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीतली. बापाचं नाव, जन्म, ट्रिपलचे डोस एक, दोन, तीन, मग गोवर. एकाच्या पुढे लिहिलं होतं, 'ताप, पुढील बुधवारी', आणि खाली पुढच्या बुधवारची बरोबरची खूण. कुणीच सुटलं नव्हतं. माझ्या जन्माच्या वर्षापासून पुढची तीन वर्षं मी दोनदा बघितली. ओळीवर बोट ठेवून बघितली. माझं नाव कुठंच नव्हतं.

तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशी आता थकल्या आहेत, पण ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाईंची लेक न्हवं तू? लई वाळलीस गं. कंपनीत खायाला घालत न्हाईत व्हय?"

मी सरळ विचारलं, "मावशी, मला आईनं गोवराची सुई दिली होती का?"

"दिलीच आसंल की. ती कुनाला सोडती व्हय? म्हातारीकोतारी बी पळायची तिला बगून." त्या हसल्या, आणि मग हात तांदळातच थांबला. "थांब. न्हाई गं. त्या दिशी येकच बाटली आल्ती. पाच पोरांची. चार झाली, पाचवी तू. मी तुला मांडीवर घिऊन बसल्ये, दंडावरची बाही वर केल्येली. तवर पल्याडच्या वाडीची येक बाई पोर घिऊन आली पळत. लांबनं आलती, होडी चुकलेली तिची."

"मग?"

"मग काय? तुजी बाही खाली केली न् त्येला टोचली. मी म्हनलं, बाई, आवं ही? तर म्हनली, ही काय कुटं जातीय, घरातच हाय. फुडच्या बुधवारी."

"आणि पुढच्या बुधवारी?"

"फुडच्या बुधवारी फुडच्यांची पोरं." मावशींनी सूप परत हलवायला घेतलं. "घरचं म्हनल्यावर ऱ्हातंच, बाय. माज्या बी घरात तसंच हाय. दुसऱ्याचं सारवून येती, आपलं आंगान तसंच."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी रडले नाही, मला राग आला होता. बोट लावलं म्हणून अर्धा तास सगळ्यांदेखत उभं करणारी तू, आणि माझ्या बाबतीत तुझी वही इतकी सैल. त्या पलीकडच्या वाडीतल्या पोराचं नाव वहीत आहे, मी वाचलं होतं. तो आता कुठंतरी शहरात नोकरी करत असेल, गोवर त्याला कधी शिवला नसेल, आणि त्याला याचा पत्ता नाही. मला सांगायला कोणी हवं होतं. लातूरच्या मुलींना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, एवढंच ना ताई, घ्या आता टोचून. त्यांचं बरोबरच आहे.

रक्त तपासलं. गोवराच्या रकान्यात संरक्षण नाही असं आलं. डॉक्टर म्हणाले, "यावरून दिली नव्हती असं ठरत नाही हं. एकच डोस असला तर इतक्या वर्षांनी कधी कधी दिसत नाही." ते माझं मन राखायला बोलत होते की खरं सांगत होते, कळलं नाही. मी त्यांना मावशींचं सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी थट्टाही केली नाही. दुसरा डोस पहिल्यानंतर चार आठवड्यांनी, आणि माझ्याकडे उरले होते अठरा दिवस. मी विद्यापीठाच्या ऑफिसला मेल केला. उत्तर आलं की पहिल्या डोसचा दाखला आणि दुसऱ्याची ठरलेली तारीख चालेल, मात्र लहानपणची नोंद का नाही, याचं लेखी कारण जोडा, त्यावर समिती ठरवेल. पहिला डोस घेताना मी मान फिरवली नाही. सिस्टरनं माझ्यासमोर नवी सुई पाकिटातून फाडून काढली आणि विचारलं, "भीती वाटते का?" मी नाही म्हणाले. दंड दोन दिवस दुखला. तू असतीस तर मीठ-पाण्याच्या फडक्यानं शेकला असतास, हे मला आठवायला नको होतं.

मग ते कारण लिहायला बसले. पहिल्यांदा जसं घडलं तसं लिहिलं. आई त्या भागाची नर्स होती, तिनं खोऱ्यातल्या सगळ्या मुलांना लस दिली, मला दिली नाही. इंग्रजीत ते तीन ओळींत बसलं. वाचून बघितलं. कोळवण न पाहिलेली, होडी चुकणं म्हणजे काय हे ठाऊक नसलेली चार माणसं टेबलाभोवती बसून ते वाचणार होती, आणि त्यांना त्या तीन ओळींत एक निष्काळजी बाई दिसली असती. मी आणखी ओळी घातल्या, बाटली पाचांची असते, ती फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, लांबून आलेल्याला परत पाठवता येत नाही. जितकं समजावत गेले तितकी मी तुझी तक्रार करते आहे असं वाटायला लागलं. चार मसुदे फाडले.

आज त्यांचं उत्तर आलं. कारण मान्य झालं, जागा माझी राहिली. आता व्हिसा, मग तिकीट. अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, "बरं झालं," आणि फोन ठेवता ठेवता, "स्वेटर घे."

ती फाइल चाळीस पानांची आहे. तिच्यातली प्रत्येक तारीख मी कागद समोर ठेवून लिहिली आहे. वृद्धाश्रमातले तास विचारले तिथंही अर्धा तास जास्त धरला नाही. फक्त त्या एका पानावर मी लिहिलं की माझं लसीकरण आईनं वेळेवर केलं होतं, पण ती वारल्यानंतर घर बदलताना कार्ड हरवलं. आपण घर कधी बदललंच नाही, आई. हे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, आणि राग अजून गेलेला नाही.