वाघाच्या दाराची खिट्टी

कुंभम महिना, सत्तावीस तारीख

प्रिय पवित्रेट्टन,

हे पत्र तुमच्या दोस्ताच्या, अद्रुमानच्या हाती देते आहे, डब्यासकट. टपालावर माझा भरवसा नाही आणि तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. मागच्या पत्रात लिहिलंत, अद्रुमानच्या मेहुण्यानं पुन्हा आखातात काम बघितलंय, गोदामात, अगदी आतल्या बाजूला, जिथं दिवसभर कुणाचं तोंड बघावं लागत नाही. विषूच्या सणाआधी विमान. जाण्यापूर्वी घरी येणं जमणार नाही. चार ओळींत उरकलंत. तुमच्या अम्मांना वाचून दाखवताना मी त्या चार ओळी गाळल्या आणि त्या दिवशी दोन्ही वेळचा भात करपवला. अम्मा म्हणाल्या, "लक्ष कुठंय गं तुझं? कोळसा खाऊन दात घासायचा विचार आहे का?"

तर आधी घरच्या गोष्टी सांगते. काजूला मोहोर आलाय, अंगणभर तो आंबूस वास आहे. तळ्याची चौथी पायरी उघडी पडली, म्हणजे पाणी बरंच उतरलं. आपली प्रसीता तिसरीत पहिली आली. तुम्ही गेलात तेव्हा ती पायरीवर बसून लोणच्याची फोड चोखत होती, आता माझ्या खांद्याशी लागते. तिला रोज संध्याकाळी एकच गोष्ट हवी असते, वाघाची. माझीही आता पाठ झालीय. आपल्या घराण्यातल्या मूळ पुरुषाला अठरा रूपं घेता यायची. जमीनदाराची मुलगी आजारी पडली, वैद्यानं वाघिणीचं दूध सांगितलं. जमीनदाराचं काय जातं सांगायला! यानं बायकोला बजावलं, मी वाघ होऊन जातो, पहाटे परत येऊन दारावर तीन थापा मारीन, तू तांदळाचं धुवण घेऊन उभी राहा, माझ्या अंगावर ओत आणि हिरांच्या खराट्यानं एक फटका मार, मी पुन्हा माणूस होईन. पहाटे थापा पडल्या. तिनं फटीतून पाहिलं आणि खिट्टी घातली. ते नखांचे ओरखडे आपल्या दारावर अजून आहेत. मग तो जो रानात गेला तो गेलाच.

परवा गोष्ट संपल्यावर प्रसीता म्हणाली, "पण अम्मे, तिनं ओळखलं कसं नाही? डोळे तर तेच असतील ना?"

मी तिला म्हटलं, झोप आता.

तुम्हाला आठवतं का, लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षी पहिल्यांदा मला दाराआड बसवलं होतं? लहानपणी मी तुम्हाला नुसतं पवित्रन म्हणायची, तळ्यात ढकलायची. लग्न झाल्यावर मोठ्या माणसासारखं एट्टन जोडावं लागलं, आणि वर हे काम गळ्यात पडलं. कुंभम महिन्यात वाघाचा रंग लावून, अंगात देव घेऊन तेय्यम पहाटे आपल्या दारी येणार, तीन थापा मारणार, आणि थोरल्या सुनेनं आतून खिट्टी लावून गप्प बसायचं. तिच्या हातात धुवणाचा तांब्या असतो, पण तो ओतायचा नाही. तेय्यम रडत रानाकडे वळलं की सगळ्या गावानं हात जोडायचे. अम्मांनी सव्वीस वर्षं केलं, मी नऊ. पहिल्या वर्षी मी घाबरून तांब्या पाडला होता आणि तुम्ही बाहेरून हसलात, मला ऐकू आलं होतं. नंतर आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

या वर्षभर वाघ माझ्या स्वप्नातही येतो. भीतीचं स्वप्न नाही ते. धुकं असतं, तळ्याच्या पायरीवर तो पाठमोरा बसलेला असतो, आणि तुमच्यासारखाच डाव्या हातानं उजवा कान खाजवतो. मी त्याच्या मागं उभी असते. त्यानं वळावं असं वाटतं आणि वळू नये असंही वाटतं. पाण्यात त्याचं तोंड दिसेल म्हणून मी वाकते, तर पाण्यात नुसते पट्टे हलत असतात, ऊन पडल्यासारखे. मग जाग येते. उशाशी तुमची निळ्या चौकड्यांची लुंगी असते, मी ती धुतलेली नाही.

तीन दिवसांपूर्वी तेय्यम झालं. सोंगात चिंदन पणिक्करच होते, दर वर्षीसारखे. उजाडत होतं. सगळं गाव अंगणात. मी आत, हातात तांब्या, खिट्टी लावलेली. पहिली थाप पडली. दुसरी पडली. आणि पवित्रेट्टन, तिसरी थाप हळू पडली. पणिक्करांचा हात दुखत असेल, आता वय झालं त्यांचं. पण तुम्ही उशिरा घरी आलात की अम्मा जाग्या होऊ नयेत म्हणून तशीच थाप मारायचात. माझ्या हातानं खिट्टी कधी काढली मला कळलं नाही. दार उघडलं आणि तांब्या पुरता ओतला.

ढोल थांबले. कुणीतरी किंचाळलं, बहुतेक अम्माच. तेय्यमाच्या तोंडावरचे काळे-पिवळे पट्टे ओघळायला लागले. खाली पणिक्करांचा सुरकुतलेला, रात्रभर जागलेला चेहरा होता.  ते तेय्यमाच्या आवाजात म्हणाले, "पोरी, किती पिढ्या लावल्यास." आणि या घराच्या उंबऱ्याच्या आत आले, बसले. आजवर तेय्यम कधी आत आलेलं नाही.

नंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. घराण्याचे वडीलधारे कण्णन कारणवर लाल होऊन म्हणाले, "आता वाघ घरात शिरला! तो परत जायचा कुठून?" मी म्हटलं, "जाऊ नये म्हणूनच उघडलं." त्यांनी ज्योतिषाला बोलवायचं ठरवलंय. बोलवू देत. पणिक्कर मुकुट उतरवून काळा चहा पीत होते, ते म्हणाले, "वनजे, पाच तास आडवं पडून रंग लावून घेतला होता, तू एका तांब्यात उतरवलास." अम्मा दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही दर वर्षी वाटायचं गं. पण गुडघे होते तेव्हा धीर नव्हता, आणि आता धीर आलाय तर गुडघे नाहीत."

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तिकडे आखातात मुदपाकखान्यात सिलिंडर फुटला, तुम्ही भाजलात, मग तुम्हाला इकडच्या इस्पितळात आणलं, तेव्हा मी कळवलं होतं की बसचा संप होता म्हणून येता आलं नाही. संप नव्हता. मी आले होते. तारल्यांचं कालवण आणि भात घेऊन पहाटेच्या गाडीनं आले. वॉर्डच्या दारापर्यंत आले. दाराला काच होती, काचेतून तुम्ही दिसलात, आणि मी तुम्हाला ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि ते जास्त वाईट होतं. डबा बाहेरच्या बाकावर ठेवला आणि स्टेशनपर्यंत पळाले. वर्षभर स्वतःला सांगत राहिले की तुम्हाला कळलं नसेल. पण त्यानंतर तीनच आठवड्यांनी अद्रुमाननं डबा आणून दिला होता, कडेला पोचा पडलेला आपलाच, घासून लख्ख केलेला. तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. तुम्ही जेवलात, डबा धुतलात आणि परत पाठवलात. इस्पितळातून सुटल्यावरही तुम्ही घरी का आला नाहीत आणि आता गोदामात का जाताय, हे मला माहीत आहे. मीच खिट्टी घातली होती.

मला माफ करा असं लिहिलं तर तुम्ही लगेच कराल, म्हणून लिहीत नाही. तुमच्या चेहऱ्यावरचं धुवणानं जाणार नाही हे मला कळतं, आणि मला ते घालवायचंही नाही. खराटा मी माळ्यावर टाकलाय. पुन्हा भीती वाटणार नाही अशी खोटी शपथ घेत नाही. कदाचित पहिल्या दिवशी वाटेल, दुसऱ्याही दिवशी वाटेल. पण आता जे भ्यायचं ते दार उघडं ठेवून भिईन. प्रसीताला मी सगळं सांगितलंय. तिचं म्हणणं, डोळे ती बघेल, बाकीचं मी बघावं. डब्यात तारल्यांचं कालवण आहे, खालच्या कप्प्यात केळीच्या पानात गुंडाळलेली दाराची खिट्टी आहे, काढून टाकलीय मी ती. शुक्रवारच्या सकाळच्या बसनं या, दिवसाढवळ्या, पुढच्या वाटेनं. आणि डबा या वेळी कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः घेऊन या. धुतला नाहीत तरी चालेल.

तुमचीच,
वनजा