टीव्हीच्या आवाजाखाली उपासना

बुधवार, संध्याकाळ. हुडको कॉलनी.

आज प्रार्थनासभेची पाळी आमच्या घरी होती, अन् माझं डोकं अजून तापलेलंच आहे. मागं एकदा गल्लीतली काही माणसं दारात येऊन विचारून गेली, "आपके यहाँ इतने लोग क्यों आते हैं?" तेव्हापासून आम्ही खिडक्या लावून, टीव्हीचा आवाज मोठा करून गातो. आज साबणाच्या जाहिरातीचं गाणं अन् आमचं स्तुतिगीत एकत्र होऊन राहिलं होतं. पास्टर म्हणतात, संकटात उपासनेनं बळ येते. मले तर नुसता घाम आला. असं चोरून गायल्यावर कसलं बळ येईल?

नवऱ्यानंही ड्युटीवर जाताना बजावलं होतं, "हळू गाजा. आपल्याले इथंच राहाचं आहे."

पण सासूबाईले ऐकू येत नाही. त्यायनं डोळे मिटले अन् खड्या आवाजात सुरू केलं. सगळे माझ्याकडे पाहून राहिले. त्यायनं हळू गावं म्हणून मी त्यायच्या हातावर हात ठेवला. त्यायले वाटलं, मी साथ देऊन राहिली. त्यायनं माझा हात घट्ट धरला, अन् त्या आणखी जोरात गायल्या.

इतका राग आला मले! त्यायचा? त्या माणसांचा? का माझाच? तेवढ्यात तो साबण पुन्हा आला. मी उठली अन् टीव्ही बंद केला.

मग शेवटच्या कडव्यापर्यंत सगळे मोकळ्यानं गायलो.

उद्या कोणी दारात आलं तर काय सांगू, ते अजून सुचलं नाही. अन् आवाज तर पार बसला आहे.