लहान होत गेलेला हिमबिबट्या

आचे,

थोरल्या बहिणीला धाकट्या मोरूपचा हात जोडून जुले. इकडे बुखारीत लाकडं पेटलेली आहेत आणि चहात लोणी पडतं आहे, म्हणजे आम्ही सगळे खुशाल आहोत असं समज. तुझ्या गुडघ्यांना जम्मूचं ऊन मानवलं हे वाचून बरं वाटलं. जिग्मेत तुला आता कायमचं तिथेच ठेवायचं म्हणतो आणि आपली नांगरणी सुरू व्हायच्या आत तू काय ते ठरवणार, हेही वाचलं. मुलगा आहे, आईची काळजी करणारच. मी त्यात तोंड घालणार नाही. (फोनवर घातलं असतं, पण तुमच्याकडे फोन मोठ्या आवाजात लावून सगळं घर ऐकतं, म्हणून हे पत्र.) मी आपली फक्त गावची खबर देतो.

फुंचोकच्या घरी दिल्लीचं एक जोडपं हिमबिबट्या बघायला येऊन राहिलं आहे. इतके दिवस दुर्बिणीला डोळा लावून त्यांना दिसली ती आपलीच गाढवं. फुंचोक रडकुंडीला आला होता. अशात परवा दुपारी त्याच्या घरामागच्या चढावर बर्फात ठसे दिसले, आणि तो धावत माझ्याकडे आला. शेळ्या राखताना तू मला ठसे ओळखायला शिकवलंस हे गावाला माहीत आहे. (कान पिरगाळून शिकवलंस हे माहीत नाही. तूही सांगू नकोस.) मी टोपी मागे सारली, वाकलो, ठशाशेजारी हात ठेवला. माझ्या तळहाताएवढा गोल ठसा, नखांची खूण नाही. लांडगा असता तर नखं उमटली असती. शिवाय बाजूने बर्फात एक लांब रेघ ओढत गेलेली. शेपूट, मी म्हणालो. पाहुण्या बाईंनी श्वासच रोखला. आता असं ऐकणारं माणूस पुढ्यात असल्यावर मला राहवतं थोडंच? मी पुढे सांगितलं, मादी आहे, तरुण आहे, उजव्या पायाने जरा लंगडते. (लंगडणं मी कुठून काढलं ते मलाही कळलेलं नाही.)

फुंचोक माझ्या कानाशी लागला. "नक्की ना रे? नाहीतर ही मंडळी उद्या सामान बांधतील."

"ठसे तू मला शिकवणार?" मी म्हणालो, आणि निघालो पुढे.

चढ तुला माहीत आहेच. मी दोनदा कमरेपर्यंत बर्फात गेलो. दुसऱ्यांदा पाहुण्यांनी मला दुर्बिणीच्या तिकाटण्याला धरून ओढून काढलं, तेव्हा बर्फ किती खोल आहे ते बघत होतो असं मी सांगितलं. वर छोर्तेनच्या स्तूपापर्यंत ठसे झकास होते. तिथून ते खाली वळले आणि आचे, तिथून आमचा बिबट्या लहान व्हायला लागला. सावलीत शिरलो तर ठसा कोल्ह्याएवढा. मी म्हणालो, पिल्लू असणार. फुंचोक म्हणाला, "मोरूप, आई चालता चालता पिल्लू झाली का?" पुढे तर ठसा रुपयाएवढा झाला. तेव्हा मला तुझं ओरडणं आठवलं: मेल्या, ठसा बघण्याआधी ऊन कुठे आहे ते बघ! उन्हाच्या अंगाला बर्फ विरघळून ठसा पसरतो, हे मला शेळीच्या पिल्लानेही सांगितलं असतं, पण दिल्लीच्या बाईंसमोर सुचलं नाही.

ठसे संपले ते तुझ्या बंद दारापाशी. पायरीवर तुझा बोका नोरबू बसला होता. फुंचोकच्या छताला टांगलेल्या सुक्या मांसाची हातभर पट्टी त्याने पळवली होती. (शेपूट म्हणजे ती.) गल्लीत कुत्रा असतो, म्हणून बोक्याने ती ओढत आख्ख्या डोंगराला वळसा घातलेला. आणि ती त्याने खाल्ली नव्हती. दारापुढे ठेवून दाराकडे तोंड करून बसला होता. पाहुण्या बाईंनी त्याचेच फोटो काढले आणि डोळे पुसले. त्या अजून चार दिवस राहणार आहेत, त्यामुळे फुंचोकने मांस माफ केलं. मला मात्र अख्खं गाव आता विचारतं, उजवा पाय कसा आहे?

जिग्मेतला आणि सूनबाईला जुले. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
मोरूप

ता. क. जम्मूत दवाखाना जवळ आहे, पाणी नळाला येतं, सगळं खरं आहे. तू मोकळ्या मनाने ठरव. बोक्याचं मनावर घेऊ नकोस, तो जनावर आहे.

ता. क. २. तुझ्या छतावरचा बर्फ मी काढतो आहे. आत बुखारीशेजारी लाकडंही रचून ठेवली आहेत. कशाला ते विचारू नकोस.

ता. क. ३. पायरीवर बोक्याच्या ठशांशेजारी मोठे ठसेही होते. रोज येणारे, तिथेच बसून परत जाणारे. फुंचोकने वाकून पाहिलं आणि विचारलं, हे कुणाचे? मी म्हणालो, अस्वल. थंडीत अस्वलं झोपलेली असतात हे त्यालाही माहीत आहे आणि माझे गमबूटही तो ओळखतो, पण बिचाऱ्याने मान डोलावली. ये गं आचे, नांगरणीच्या आधी घरी ये.