तुरीचं पान, ज्वारीचं पान

अण्णा, आज मला तुमच्याशी भांडायचंय. आता तुम्ही मध्येच ओरडून गप्प करू शकत नाही, म्हणून लिहायला बसले.

नायगावच्या शेतातला तो दिवस. थोरला दादा आणि मी राखणीला होतो, आणि बैल सुटून फुलावर आलेल्या तुरीत शिरले. तुम्ही गोठ्यामागून तुरीच्या वाळक्या काठ्या, तुऱ्हाट्या उपसल्यात आणि आम्हा दोघांना सडकायला लागलात. एक मोडली की दुसरी. माझा फ्रॉक पाठीला रक्तानं चिकटलाय. दादा हात आडवा घालतो आणि त्याची करंगळी कडकन मोडते. तो किंचाळत लोळतो, त्याची चड्डी ओली होते. माय मध्ये पडते, तर तिला केसांना धरून तुम्ही गव्हाणीवर आपटता. मी दात आवळून उभी. तुम्ही दादावर ओरडता,

"पोरीकडं बघ! रडली का ती? दम न्हाई तुझ्यात, कशाला जल्मला रे?"

काठीनं करंगळी मोडली होती, या वाक्यानं दादा मोडला. पुढं मुदखेडला रेल्वेत बसून घर सोडून गेला, तो तुमच्या मातीलाही आला नाही. लोक म्हणाले, पोरगं कच्चंच होतं. मला अजून त्या सगळ्यांचा संताप येतो.

आता मी लातूरला प्रयोगशाळेत बुरशीचं विष हाताळते. ते लेक्टिनसारखं प्रथिन आहे, साखरेला चिकटणारं. झाडाच्या पेशीच्या पातळ कातडीत मेद असतो, त्याला बाहेरून साखर लागलेली असते, तिलाच ते धरतं. तुरीच्या पानावर सोडलं की पेशी फाटतात, पान काळं पडून सडतं. ज्वारीचं पान मात्र हिरवंच राहतं. तुम्ही म्हणाला असता, ज्वारीत दम आहे. दमाचा काही संबंध नाही. तुरीत या साखरेची साखळी आखूड, म्हणून विष कातडीला भिडतं. ज्वारीची लांब, म्हणून ते जरा दूर अडकून राहतं. पण चिकटतं दोन्हींना, अण्णा.

परवा दादाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मंग तुला बी लागलं होतं म्हण की."

हो म्हणायला माझी जीभ रेटेना. त्याच सकाळी आमच्या साहेबांनी चिडून टेबलावर फाइल आपटली होती, आणि सगळ्यांदेखत मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले होते. हे दादाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, तेही हा कागद कुठं पोचणार नाही म्हणून.