काचेवरचे दहा-नव्वद

शनिवार, २१ मार्च
आजपासून रोज लिहायचं. शिस्त हवी.
इंजिन गाडीत बसलं. सत्तर सालची शेव्हेल, चारशे चोपन्न क्युबिक इंचांचं इंजिन. त्यापायी पिकअप विकला, पण आता पिकअपची गरजच काय? प्रत्येक पार्टच्या खोक्यावर छापलेलं असतं, यानं किती हॉर्सपॉवर वाढेल. मी सगळी खोकी जपून ठेवली होती. आज गॅरेजच्या भिंतीवर खडूने बेरीज केली. सहाशे बारा. त्यातले आठ डायनामोचा पट्टा काढून टाकल्याचे. इंजिनवर फुकटचा भार होता. बॅटरी चार्ज होणार नाही एवढंच.
शेजारचा व्हर्जिल येऊन भिंत बघून गेला. गाडी शर्यतीला न्यायचा ट्रेलर त्याचा असल्यामुळे मतही तोच देतो. म्हणाला, खोक्यावर छापलेलं खरं झालं असतं तर केसांच्या कलपाने माझी बायको आज वीस वर्षांची असती.
घरी बायकोने, जोलीनने, विचारलं, माझा बेकिंगचा ट्रे कुठाय? त्यात कार्बोरेटर भिजतोय. पुढच्या आठवड्यात देतो म्हणालो.

शनिवार, ११ एप्रिल
पहिली फेरी. ब्लू क्रीकच्या ड्रॅगस्ट्रिपवर, शर्यतीच्या सरळ पट्टीवर, सगळा जिल्हा लोटला होता.
आमच्याकडचा नियम मला पहिल्यापासून पटलेला नाही. पाव मैल किती सेकंदांत कापणार, तो आकडा आधीच काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढे सेकंद दोघांतल्या हळू गाडीला आधी सोडतात. आधी पोचेल तो जिंकला. पण स्वतः लिहिल्यापेक्षा जोरात गेलात तर बाद. म्हणजे वेगाला नाही, स्वतःबद्दल खरं सांगण्याला कप. हा नियम कुणा पाद्र्याने केला असणार.
पिकअप होता तेव्हा माझा आकडा जोलीन लिहायची. कुंपणाशी उभी राहून हवा बघायची, मग लिहायची. चार कप आले. ते ड्रायव्हिंगचे, हे सांगायला नको.
या गाडीचा आकडा मीच लिहिला. १०.९०.
लागले १३.८४. त्यांचं घड्याळ बिघडलं आहे.

सोमवार, १३ एप्रिल
चौकशी केली. घड्याळ ठीक आहे म्हणतात. म्हणणारच.

शनिवार, २५ एप्रिल
संकल्प: रोज सकाळी व्यायाम. ड्रायव्हर हलका तर गाडी हलकी.
डायनामो नाही, त्यामुळे शेव्हेलची बॅटरी सारखी बसते. काल जोलीनच्या ब्यूक वॅगनची काढून लावली होती. परत लावायला विसरलो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, पोरांचं जेवण अकराला लागतं. चालत गेली. संध्याकाळी आली तर एक शब्द बोलली नाही. समजूतदार बाई आहे.
व्यायाम उद्यापासून.

शनिवार, १६ मे
१३.८१. म्हणजे सुधारणा आहे. हवा दमट होती, नाहीतर दहा-नव्वद ठरलेलेच.
व्हर्जिल म्हणाला, कॅम फार मोठा बसवलायस, घोडे सगळे आहेत पण तबेल्यातून बाहेर यायला तयार नाहीत. लेका, निदान काचेवर तेरा-ऐंशी लिही, चार फेऱ्या तरी जिंकशील. मी सांगितलं, तेरा-ऐंशी लिहायला मी काय भाजी आणायला निघालोय?
ट्रेलरवरून गाडी उतरवली तेव्हा जोलीन वॅगनमध्ये सामान भरत होती. बहिणीकडे कोकोमोला चालली. आठ-पंधरा दिवस असेल. शिवणयंत्र नेलं, हिवाळी कोट नेला. मे महिन्यात कोट कशाला, ते विचारायचं राहिलं. वॅगनची बॅटरी मात्र मी आठवणीने लावून दिली. थँक्यू म्हणाली.
काही वाटलं नाही. शर्यतीच्या ड्रायव्हरचं डोकं असंच थंड पाहिजे.

मंगळवार, २ जून
डबाबंद चिली, म्हणजे राजमा-खिमा. बरी लागते, गरम न करताही.
बॅटरी आता व्हर्जिलच्या ट्रकवरून चार्ज करतो. कारखान्यात जातोही त्याच्याच बरोबर.

रविवार, ७ जून
व्हर्जिलच्या बायकोने ट्यूना-नूडल्सचा कॅसेरोल पाठवला, ओव्हनमधलं भांडं भरून. काल चर्चच्या बायकांनी बटाट्याचा पाठवला होता. परवा कुणीतरी पायरीवर हॅमचा ठेवून गेलं. असे कॅसेरोल आमच्याकडे मयताच्या घरी पाठवतात. कोण गेलं, व्हर्जिलला विचारायला हवं.

शनिवार, ४ जुलै
१३.८२. आतषबाजीच्या धुराने इंजिनला श्वास घेता आला नाही.
घरासमोरून सगळं गाव स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीला गेलं. मी बॉनेटखाली होतो. कुणीतरी हाक मारली. डोकं वर काढेपर्यंत गेले होते.
व्यायाम सोमवारपासून.

बुधवार, १९ ऑगस्ट
कार्बोरेटरला नवीन जेट बसवले. खोक्यावर पंधरा लिहिलेत. भिंतीवर सहाशे सत्तावीस.
झोप चांगली लागते. सोफ्यावरच झोपतो, पलंगावर जादा गिअरबॉक्स आहे. त्याला धूळ चालत नाही.

रविवार, २० सप्टेंबर
जोलीनला फोन केला. फोन तिच्या बहिणीने उचलला आणि बराच वेळ नुसता श्वास घेतला. मग जोलीन आली. मी सांगितलं, तीन तारखेला सीझनचा शेवटचा दिवस. ये. मी जिंकताना बघ, मग दोघं बरोबरच घरी येऊ. हे मी अगदी सहज म्हटलं. तालीम केली होती, ती उपयोगी पडली.
ती म्हणाली, येईन. मग म्हणाली, लाइल, आकडा मी लिहू का?
मी म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस, दहा-नव्वद आहेच लिहिलेला, पुसलाच नाही.
बरं, म्हणाली. फोन ठेवला.
म्हणजे येतेय. घर झाडायला हवं. गिअरबॉक्स पलंगावरून काढायचा. ट्रे धुवायचा.

शुक्रवार, २ ऑक्टोबर
ट्रे धुतला. कार्बोरेटरचा डाग जात नाही. गिअरबॉक्स जड आहे, तो उद्या, व्हर्जिल मदतीला असेल.
थंडी पडली आहे.

शनिवार, ३ ऑक्टोबर
शेवटच्या दिवशी कुठलीही गाडी चालते. सीटबेल्ट आणि ब्रेक असले की झालं. पोरं आईची गाडी घेऊन येतात, एक जण शवपेटीची गाडी घेऊन आला होता.
कुंपणाशी जोलीन दिसली नाही. चिठ्ठ्या निघाल्या. माझ्याविरुद्ध १८.४०. लाइनवर आलो आणि बाजूला पाहिलं तर आमची ब्यूक वॅगन. काचेवर जोलीनचं अक्षर. तिने हात केला, मीही केला.
ती अठरा-चाळीस, मी दहा-नव्वद. म्हणजे ती निघाल्यावर मी साडेसात सेकंद थांबायचं. तिचा दिवा हिरवा झाला. ती घाई न करता निघाली, दूध आणायला निघावं तशी. मी ब्रेकवर पाय दाबून बसलो. इंजिन खाली धडधडत होतं, पण नुसतं बसून रहायला साडेसात सेकंद फार असतात. वॅगनच्या मागच्या काचेपाशी टांगलेला तिचा हिवाळी कोट दिसत होता. आधी बटणंसुद्धा दिसत होती, मग नुसता रंग.
मग माझा दिवा हिरवा झाला. लागले १३.७९. वर्षातला सर्वोत्तम वेळ. मी पोचलो तेव्हा ती रेषा ओलांडून पुढे गेली होती. तिचे १८.४२.
ती ट्रेलरपाशी माझ्याकडे आली. म्हणाली, खरा आकडा लिहिला असतास तर गाठलं असतंस रे मला. इतका वेळ थांबून का राहिलास?
मी म्हणालो, हवा दमट होती.
तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, माझा ट्रे तेवढा दे कधीतरी. पुढच्या फेरीसाठी तिला बोलावलं, ती गेली. दोन फेऱ्या आणखी जिंकली म्हणे.
येताना व्हर्जिलने ट्रक हमरस्त्याला लावला. मग म्हणाला, लेका, बायको डोळ्यांसमोर निघून जात होती आणि तू हिरव्या दिव्याची वाट बघत बसलास.
मी म्हटलं, नियमच तसा आहे.
काही वाटलं नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर
काच पुसली. दहा-नव्वद गेलं. उन्हाळाभर राहिल्यामुळे तिरकं पाहिलं की अजून दिसतं. बराच वेळ पॉलिशची बाटली धरून बसलो, मग १३.८० लिहिलं. आज फक्त कोकोमोपर्यंत जायचं आहे, पण लिहिलं. तिला दिसेल अशा बाजूला लिहिलं.
ट्रे पुन्हा घासला, वर्तमानपत्रात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला. स्वच्छ शर्ट. काय बोलायचं ते ठरवलं. हवामानाचं काढायचं नाही.
किल्ली फिरवली. नुसतं टक. बॅटरी बसली होती.
व्हर्जिल चर्चला गेलेला, ट्रकसकट. मी काही विचार केला नाही. पाना घेतला आणि वॅगनची बॅटरी काढायला घराच्या बाजूला गेलो.
वॅगनच्या जागी गवत होतं, गुडघ्याएवढं. ते एका दिवसात वाढलेलं नव्हतं.
जोलीन गेली आहे. मला फार वाईट वाटतं आहे.
व्हर्जिल चर्चहून परत आला तेव्हा मी पाना घेऊन तिथेच उभा होतो. त्याने विचारलं, काय शोधतोयस. मी म्हटलं, बॅटरी.