गोळा आला तर

१२ डिसेंबर

पाणी तेरा अंश. वीस मिनिटं पोहलो. धक्क्याकडे वळलो आणि डाव्या पोटरीत गोळा! धडपडलो नाही. उताणा झालो, पायाची बोटं गुडघ्याकडे ओढून धरली, हळूहळू शंभर मोजले. सुटला.

इव्दोकियाला सांगितलं नाही. म्हणेल, "अनेस्ती, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालास, अजून पोरांबरोबर कसल्या उड्या मारतोस?" बायकोचं बरोबरच असतं. म्हणूनच सांगायचं नाही.

१६ डिसेंबर

फादर स्टेर्गिओसनी यादी दाखवली. सहा जानेवारीला ते क्रॉस समुद्रात टाकतील तेव्हा मागे उड्या घेणारे अकरा जण. शेवटचं नाव — झीसिस. माझा सख्खा भाऊ!

नऊ वर्षं गावात फिरकला नाही. शेवटचा आला तेव्हा क्रॉसवर आधी माझा हात पडला होता, आणि यानं तो हिसकावला. भर गावासमोर! मी चार शब्द सुनावले, तर रुसून ओल्या अंगानंच गाडीत बसला आणि गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

क्रॉस ज्याच्या हाती, त्याच्या घरी वर्षभर आजार फिरकत नाही. फेब्रुवारीत इव्दोकियाचं ऑपरेशन आहे. यंदा तो मला हवाच.

२२ डिसेंबर

बारा अंश. आज दोनदा गोळा. आमच्या घराण्याच्या पोटऱ्याच दगाबाज!

बाबांनी आम्हा दोघांना याच धक्क्यावर शिकवलं. महिनाभर आधी रोज थोडं थोडं गार पाणी अंगाला लावून घ्यायचं. उतरण्याआधी पोटऱ्या चोळायच्या. पोटात मीठ-पाणी हवं, दारू नको. आणि गोळा आलाच तर 'वाचवा' ओरडायचं नाही, गलक्यात कोण ऐकतंय? भावाचं नाव घ्यायचं. "नावानं माणूस वळतोच रे," म्हणायचे.

२९ डिसेंबर

अकरा. भीती वाटते. लिहून टाकलं, बास.

३ जानेवारी

झीसिस आला. कॉफीवाला पास्खालिस सांगत होता, "पोट बघ त्याचं, सात महिन्यांचं! पाण्यात पाऊल घातलं नाही अजून. म्हणतो, आमच्या रक्तातच आहे पोहणं."

रक्तात! पोटरीत काय आहे ते विसरला वाटतं.

सांगायला हवं होतं. कॉफीच्या दुकानापर्यंत गेलोही. आतून त्याचं हसणं ऐकू आलं, पाय तिथेच अडले. आधी त्यानं बोलावं! हिसकावला त्यानं होता, मी नाही.

५ जानेवारी

कडक उपासाचा दिवस. मी चोरून तीन खारवलेले मासे खाल्ले, वर तांब्याभर पाणी. इव्दोकियानं पकडलं. "लाज नाही वाटत? आजच्या दिवशी?" म्हटलं, देवाला माझ्या पोटऱ्या ठाऊक आहेत.

झीसिसनं म्हणे सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. उद्या उडीआधी मात्र त्सिपुरो दारूचे दोन पेले मारणार, अंग तापवायला. गाढव आहे. तरी गेलो नाही सांगायला.

६ जानेवारी, दुपार

मिळाला!! माझ्याच हातात!

पाणी दहा. अंगात सुयाच सुया. फादरनी लांब फेकला, बांधाच्याही पलीकडे. मी चौथा होतो. मग दुसरा. पोटरी थरथरायला लागली आणि नेमका तेव्हाच मागून झीसिस ओरडला, "अनेस्ती!" नऊ वर्षांत पहिल्यांदा! माझं लक्ष उडवायला, दुसरं काय? तोच जुना डाव. पुन्हा ओरडला, "अनेस्ती!" मी वळतोय होय! हात टाकला, लाकूड मुठीत आलं.

सगळं गाव माझ्यामागे चर्चपर्यंत. इव्दोकिया भर रस्त्यात रडली. ताटात क्रॉस ठेवून घरोघर फिरलो, पोरं गात होती. झीसिस कुठे दिसला नाही. पास्खालिस म्हणाला, "गेला असेल रुसून, मागच्यासारखा." मी खूप हसलो.

६ जानेवारी, संध्याकाळ

पास्खालिस आला होता. दारातच उभा राहिला, आत येईना. झीसिसची गाडी चौकातच आहे. कपडे अजून धक्क्यावर. बुटांत मोजे घालून ठेवलेले.

नाव घेतलं होतं त्यानं. दोनदा.