उद्या दाखल होण्याआधी, धाकटीसाठी

मी, खाली सही करणारी, अविवाहित, व्यवसाय वैद्यकीय संशोधन, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. लिहिताना माझी बुद्धी शाबूत आहे, असेही इथे म्हणायचे असते. इतरांच्या मृत्युपत्रात या वाक्यावर कोणी थांबत नाही. माझ्या बाबतीत सगळे भांडण यावरच होणार आहे, म्हणून आधी तेवढे निकालात काढते.

रोगजंतूंशी लढायला आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते. त्यांतली काही घरभेदी निघतात आणि आपल्याच शरीरावर उठतात. मेंदूवर उठणाऱ्या अशा एका स्वप्रतिपिंडामागे माझी नोकरीतली सगळी वर्षे गेली. हा आजार झालेल्या माणसाची झोप उडते, तो घरच्यांवर संशय घेतो, आरडाओरडा करतो, आणि लोक त्याला वेडा ठरवून मोकळे होतात. माझ्या धाकट्या बहिणीला असेच ठरवले गेले. दादाने, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, तिला मनोरुग्णालयात ठेवले आणि हात झटकले. मी तिचे रक्त तपासले, ते सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकले, म्हणजे त्यात ते प्रतिपिंड होते. योग्य उपचार झाले आणि ती घरी आली. आज ती शेजारच्या खोलीत माझे उद्याचे कपडे इस्त्री करते आहे. दादाच्या लेखी मात्र ती अजून वेडीच. माझ्यामागे तिला परत तिथे टाकायचे आणि घर विकायचे, हे तो उघड बोलतो.

आता माझ्याविषयी. प्रत्येक तपासणीत रुग्णाच्या रक्ताशेजारी एका निरोगी माणसाचे रक्त लावतात. त्याला आम्ही 'नॉर्मल' म्हणतो; ते काळे राहिले, तरच तपासणी खरी धरायची. निरोगी माणूस शोधत कोण फिरणार? जो हाताशी असेल तो बाही वर करतो. आमच्याकडे ती बाही पहिल्यापासून माझी. धाकटीचे रक्त चमकले, तेव्हा शेजारी काळे राहिले होते ते माझेच. या आठवड्यात माझ्या जुन्या रक्ताचा साठा संपला म्हणून ताजे रक्त काढले. माझी सहायक अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"मॅडम, आपला नॉर्मल चमकतोय."

"काचपट्ट्या बदलल्या असतील. पुन्हा लाव."

"पुन्हा लावूनच आले, मॅडम."

मी आत जाऊन पाहिले. ती हिरवी जाळी मला कोणी ओळखून द्यायची गरज नव्हती. मी तिथल्या स्टुलावर बसले.

नुसते रक्तात प्रतिपिंड सापडणे म्हणजे आजार नव्हे. ते धडधाकट माणसांतही कधी कधी सापडते, आणि खरा निकाल पाठीच्या कण्यातल्या पाण्यावर लागतो. ते उद्या काढणार आहेत. पण माझी झोप उडाली आहे, आणि परवा हातात किल्ली असताना मला 'किल्ली' हा शब्द आठवेना. दादाचा वकील माझाच शोधनिबंध कोर्टात उघडून दाखवील, की बाईंनी स्वतःच लिहिले आहे, अशा माणसाच्या शब्दावर विसंबू नये. म्हणून नोंदवते: माझ्या रक्तात प्रतिपिंड आहे, हे मला ठाऊक आहे. ते मी लपवलेले नाही. ते असूनही मी काय लिहिते आहे, हे मला कळते.

साक्षीला मी मुद्दाम त्याच मनोविकारतज्ज्ञांना बोलावले आहे, ज्यांनी धाकटीला वेड लागल्याचा शेरा दिला होता. हे गृहस्थ माझ्या खिशात आहेत, असे दादासुद्धा म्हणू शकणार नाही. आल्या आल्या त्यांनी मला उलटे आकडे म्हणायला लावले, कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावले, आणि म्हणाले, "आजच दाखल व्हा. हा आजार थांबत नाही, तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"आधी सही. एकदा औषधं सुरू झाली की माझ्या सहीला कोण विचारतंय?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आता समोर बसून माझ्या ओठांकडे पाहताहेत. या आजारात ओठ आपोआप हलू लागतात; धाकटीचेही आधी तेच हलू लागले होते, म्हणून. मला त्याचा राग येतो आहे, आणि भीतीही वाटते आहे.

कलम एक. हे राहते घर, वरच्या खोलीसह, धाकटीचे. तिने ते विकावे, ठेवावे, भिंतींना हवा तो रंग द्यावा. दादाने तिला रंगाबद्दलही सल्ला देऊ नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक धाकटीची. तिच्या औषधांत खंड पडू नये, एवढे आमच्या वकीलबाईंनी पाहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांच्याकडे.

कलम तीन. माझा जुना सूक्ष्मदर्शक सहायकेला. त्याचा डावा खटका अडतो. जोर लावायचा नाही, गोडीने घ्यायचे. नवा 'नॉर्मल' तिने स्वतःच्या हातातून काढू नये, प्रयोगशाळेबाहेरचा माणूस शोधावा.

कलम चार. ज्या विभागप्रमुखांनी भर सभेत माझ्या शोधाला काचेवरची धूळ म्हटले, आणि तो मान्य झाल्यावर व्यासपीठावर माझ्या शेजारी येऊन बसले, त्यांना भिंग पुसायचे माझे फडके. धुतलेले आहे.

कलम पाच. दादाला बाबांची आरामखुर्ची. दादा, तू वाईट माणूस नाहीस. ती ओरडायची तेव्हा तू घाबरायचास, आणि घाबरलेला माणूस सोयीचे तेच खरे मानतो. पण ती बरी झाल्यावरही तू तिच्यासमोरचे चाकू उचलून लपवून ठेवतोस, ते मी कधी माफ केले नाही. खुर्ची घे आणि घराचा नाद सोड.

कलम सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. मी जिवंत असेन पण भानावर नसेन, तेव्हा माझ्या उपचारांबाबत धाकटी म्हणेल ते व्हावे. मृत्युपत्र मेल्यावर चालते, म्हणून वकीलबाईंनी याचा वेगळा कागदही करून घेतला आहे. आजारात मी तिच्यावर संशय घेईन. ती माझ्या जिवावर उठली आहे, असेही म्हणेन. दादा ते ऐकून दुसरे मृत्युपत्र पुढे करील आणि मी सही करीन. ती सही माझी धरू नये.

हे कलम वाचायला मी धाकटीला बोलावले. ती इस्त्रीचे बटण बंद करून आली. दोनदा वाचले.

"ताई, तू मला खूप घाण घाण बोलशील."

"बोलेन."

"मीपण तुला बोलले होते. मला आतून सगळं ऐकू यायचं गं, पण तोंड माझं नसायचं." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "ताईला बांधायचं नाही. दिवा चालू ठेवायचा. आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल 'ही' म्हणून बोलायचं नाही."

डॉक्टरांनी मान खाली घालून ते लिहून घेतले. ती परत कपड्यांकडे गेली. मला रडू आले, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

यापूर्वीची माझी कोणतीही इच्छा कुठे लिहिलेली आढळल्यास ती रद्द समजावी.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
तारीख: १४ मार्च २०१९.
लिहून ठेवणारीची सही:

साक्षीदारांचे निवेदन: वरील मजकूर लिहिणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर. मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळत नाही. सहीच्या जागी बाईंनी प्रथम स्वतःच्या नावाऐवजी धाकट्या बहिणीचे नाव लिहिले. बाई ते नाव बराच वेळ पाहत राहिल्या. मग "ही मी नव्हे" असे म्हणून त्यांनी ते स्वतः खोडले आणि खाली आपली सही केली. खाडाखोडीवर आम्ही आद्याक्षरे केली आहेत. चूक त्यांची त्यांनीच ओळखली, कोणी दाखवली नाही, हे आम्ही शपथेवर सांगू.

(सही) मनोविकारतज्ज्ञ
(सही) शेजारी, कोर्टातील निवृत्त कारकून